पाव फेरी

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या नोव्हेंबरात, एका मंगळवारी सकाळी, ताईने जुन्या पोस्टकार्डाची चौपदरी घडी गिटारच्या तारांखाली सरकवली आणि एक डोळा मिटून फटीतून पाहिलं. घडी अडकत नव्हती, सैलही पडत नव्हती. तारा आणि त्यांच्याखालची काळी पट्टी यांच्यात एवढंच अंतर हवं होतं. तिने घडी काढून एप्रनच्या खिशात टाकली, गिटार मांडीवर घेतली आणि दाराकडे न बघताच म्हणाली,

"टिल्लू, बाहेर."

टिल्लू तिचा धाकटा भाऊ. वय अडतीस, उंची दारात वाकावं लागेल इतकी. लहानपणी ठेंगणा होता म्हणून पडलेलं नाव त्याने उंचीने खोटं पाडलं, पण लोकांनी ते सोडलं नाही. तो मुकाट्याने बाहेर जाऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला. नाट्यगृहातल्या प्रत्येक वादकाला ही पायरी ठाऊक होती. रंगमंचाच्या बरोबर खाली ताईचं वर्कशॉप होतं, आणि ती काम करत असताना वाजवणाऱ्याने आत थांबायचं नाही, हा तिचा अठरा वर्षांचा नियम होता. वाजवणारा समोर असला की वाद्य खोटं बोलतं, असं ती म्हणे. मालकाला बरं वाटावं म्हणून शहाण्यासारखं वागतं आणि वर जाऊन पुन्हा रडतं.

या वेळचं वाद्य मात्र नवीन होतं. गिटार साधीच, पण तिच्या तारांखालच्या पट्टीत सहा बारीक डोळे होते, एकेका तारेला एकेक. तार थरथरली की डोळा ती थरथर टिपून वायरीतून एका खोक्याकडे पाठवी, आणि खोकं त्याच सुरावर बासरी वाजवी, घंटा वाजवी, सांगाल ते वाजवी. नाट्यगृहाचा बासरीवाला लेकीकडे कायमचा राहायला गेल्यापासून नव्या नाटकातली बासरी टिल्लूकडे आली होती. अडचण एवढीच होती की खोक्याचे कान फार तिखट होते. न छेडलेली तार नुसती शेजारणीच्या धक्क्याने शहारली, तरी ते तिच्या नावाने चिवचिवाट करी.

ताईने पूर्ण तुकडा वाजवला. दीड मिनिटाचा होता. तिसऱ्या अंकात नायिका रिकाम्या खोलीत एकटी उभी राहते, कुणी काही बोलत नाही, तेव्हाचा. डोक्यावरच्या लाकडी तक्तपोशीतून बासरी वर गेली. एकही जादा सूर नाही. शेवटचा सूर विरला, आणि वरून कुणीतरी बुटाची टाच दोनदा आपटली. मास्तर होते. संगीत त्यांचं होतं, आणि या नाटकात कोण राहणार, कोण जाणार हेही त्यांच्याच हातात होतं.

"वा! हेच पाहिजे!" त्यांचा आवाज जिन्यात घुमला. "टिल्लू, दुपारी असंच वाजवायचं!"

टिल्लूने तोंड उघडलं. मग वर बघून तो म्हणाला,

"हो, मास्तर."

ताई दारात आली तेव्हा तो बुटाची नाडी बांधत होता. बांधलेलीच नाडी पुन्हा बांधत होता.

"घे," ती म्हणाली. "तुझी गिटार सरळ केली. आता नखरे करणार नाही."

दुपारच्या तालमीत गिटारने नखरे केले.

रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यातून टिल्लूने पहिला सूर काढला, त्याच्या मागोमाग कुठूनसं एक चिमुकलं 'पीं' आलं. चौथ्या सुराला दोन आले. रंगमंचावर नायिका दोनदा दाराकडे वळली. तालीम थांबवून मास्तरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "मला वाटलं बेल वाजली. उघडायचं नाहीये का दार?" सगळे हसले. मास्तर हसले नाहीत.

"सकाळी काय झालं होतं मग?"

टिल्लू तारांकडे बघत राहिला.

"हे बघ," मास्तर खड्ड्याच्या कठड्यावर ओणवे झाले. "तू चांगला माणूस आहेस. पण त्या दीड मिनिटात नाटक आहे. गुरुवारी दुपारपर्यंत स्वच्छ वाजलं तर ठीक. नाहीतर तो तुकडा मी टेपवर घेणार. आणि टेपच लावायची तर बाकीची तुझी कामंही टेपवर जातील. मग खड्ड्यात तुझी खुर्ची कशाला ठेवू?"

त्या खुर्चीवर टिल्लू एकोणीस वर्षं बसत होता. तिच्या पायांमधली आडवी पट्टी त्याच्या टाचेने झिजून पातळ झाली होती.

बुधवारी सकाळी ताईने सगळं पुन्हा आरंभापासून केलं. तारा नव्या चढवल्या. मानेवरच्या अकराव्या धातूच्या पडद्याचा एक टोकाकडचा कोपरा अंगठ्याला लागत होता, तो कानशीने घासून गुळगुळीत केला. खुंट्यांजवळचा तारांचा उरलेला भाग उगाच गुणगुणतो, त्याच्याखाली स्पंजची पट्टी सारली. मग तिला आठवलं की या तुकड्यात मोकळी, म्हणजे बोट न दाबलेली, तार कुठेच वाजत नाही.

"टिल्लू, एक मोजा काढ."

"काय?"

"पायातला मोजा. डावा, उजवा, कुठलाही. मोकळी तार वाजवायचीच नाही, तर तिला आवाज कशाला हवा?"

मोज्याचा वरचा लवचीक पट्टा कापून तिने तो गिटारच्या मानेवर, अगदी वरच्या टोकाला, तारांवरून चढवला. बोट उचललं की तार आता लगेच मुकी होत होती. टिल्लू एका पायात मोजा घालून उभा होता.

"घरी काय सांगू?"

"सांग, बहिणीने कापला. बायको तुझी, काय ते समजून घेईल. आता बाहेर."

तो गेला नाही.

"आज मी बाहेर जाणार नाही," तो म्हणाला. "उद्या खुर्ची गेली तर कशी गेली, ते निदान बघितलेलं असू दे."

ताईने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. धाकट्या भावाने तिला 'नाही' म्हटल्याला बरीच वर्षं झाली होती. तिने गिटार वाजवली. स्वच्छ. थेंबाथेंबासारखे सूर.

"बघ. वाद्यात काही नाही."

"मग माझ्यात आहे."

"मी असं म्हटलं का?"

"दुसरं काय उरलं? इथे दोघंच आहोत. वाद्य नाही, तू नाही, म्हणजे मीच."

"वेडेपणा करू नकोस. घे, वाजव."

टिल्लू स्टुलावर बसला, आणि ताई खोक्यासमोर. खोक्यावर सहा तांबडे दिवे होते, तारेगणिक एक. एकदाही तिने ते दुसऱ्याच्या हाताखाली पेटताना बघितले नव्हते. टिल्लूने तार छेडली. एक दिवा भक्कन पेटला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन क्षणभर लुकलुकले.

"पुन्हा."

पुन्हा तसंच.

"आता थांब." तिने गिटार घेतली, तोच सूर छेडला. एकच दिवा, तोही अर्धा. तिने गिटार परत दिली. त्याने वाजवलं. तीन दिवे.

ताईने चष्मा काढला आणि एप्रनने पुसू लागली. काचा स्वच्छ झाल्या तरी पुसत राहिली.

"तू एकीला हाक मारतोस," ती शेवटी म्हणाली, "आणि तीन जणी ओ देतात. केवढ्याने मारतोस रे!"

"असाच वाजवतो मी. नेहमीच."

"माहीत आहे."

माहीत होतं, आणि कुठून आलं तेही आता तिला कळत होतं. दहा वर्षांचा असताना तो पहिली गिटार घेऊन तिच्याकडे आला होता, तारा करकरतात म्हणून. त्याला बाहेर बसवून तिने तारा चांगल्या उंच करून दिल्या होत्या. करकर थांबली. त्या उंच तारा दाबता दाबता आणि छेडता छेडता पोराचा हात लोहाराचा झाला, हे तिने तपासायचं राहून गेलं, कारण तपासताना ती नेहमी स्वतःच वाजवून बघे. तिचा हात हलका होता. साध्या गिटारीने असले फरक पोटात घातले. हे खोकं काहीच पोटात घालत नव्हतं.

खोक्याच्या मागच्या बाजूला सहा बारीक स्क्रू होते. तारेचा धक्का केवढा आला की खोक्याने खरा मानायचा, ते त्यांच्यावर ठरायचं. कालपासून तिने ते चारदा मागे घेऊन पाहिले होते आणि चारही वेळा पुन्हा पुढे आणले होते, कारण मागे घेतलं की तिचे हलके सूर गळत होते. तिचे.

"अठरा वर्षं," ती म्हणाली. "या इमारतीतलं एकूण एक वाद्य मी माझ्या हाताला लावलंय. आणि वर सगळे आपले निमूटपणे माझ्या हाताने वाजवताहेत."

"कुणी तक्रार केली नाही कधी."

"मी आत येऊ दिलं असतं तर केली असती ना."

टिल्लू हसला. मग तीही हसली, पण पेचकस हातात घेऊनच.

"चल. तुला जमेल तितक्या जोराने मार. लाजू नकोस."

त्याने मारलं. तिने पहिला स्क्रू एवढा मागे घेतला की शेजारचे दोन्ही दिवे मुके राहिले. मग म्हणाली, "आता तुला जमेल तितकं हळू." त्याचा सर्वांत हळू सूर खोक्याने ऐकला, जेमतेम ऐकला. तिथे तिने थांबून स्क्रूच्या खाचेसमोर पेन्सिलीने बारीक रेघ ओढली. मग दुसरा. जाड तारांना वेळ लागला, त्या हट्टी असतात. दुपारी दोनला सहाही रेघा ओढून झाल्या आणि टिल्लूने तुकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. एकही चिवचिवाट नाही. त्याने पुन्हा वाजवला. तिसऱ्यांदा वाजवताना त्याचे डोळे मिटलेले होते.

"झालं," ताई म्हणाली. "आता ही तुझी."

गुरुवारी दुपारी मास्तर तिसऱ्या रांगेत बसले. रंगमंचावर नायिका रिकाम्या खोलीत उभी राहिली. टिल्लूने दीड मिनिटं वाजवलं आणि ती दाराकडे वळली नाही. खड्ड्यातल्या व्हायोलिनवाल्याने गजाच्या टोकाने टिल्लूच्या पाठीवर हळूच थोपटलं.

मास्तरांनी वही मांडीवर उलटी ठेवली.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. "शंभर टक्के स्वच्छ. पण टिल्लू, मंगळवारी सकाळी खालून आलं होतं त्यात आणखी काहीतरी होतं. वाजवणारा मध्येच श्वास घेतोय असं. ते कुठं गेलं?"

काही न बोलता राहणं सोपं होतं. मंगळवारी जमलं होतं. टिल्लूने गिटारचा पट्टा खांद्यावर सारखा केला आणि उभा राहिला.

"ते मी नव्हतो, मास्तर. ताई होती."

"कोण? आपली ताई? दुरुस्तीवाली?"

"हो. तुम्ही वरून बोललात, मी हो म्हटलं. म्हणायला नको होतं."

मास्तरांनी त्याच्याकडे जरा वेळ रोखून पाहिलं, मग खड्ड्याकडे वाकून कुणाला तरी म्हणाले, "बोलवा त्यांना वर."

ताई आली ती एप्रनला हात पुसत. काय झालं ते टिल्लूने तिला चार वाक्यांत सांगितलं. तिने त्याच्याकडे बघितलं, लहानपणी तो शाळेतून चिखलात लोळून आल्यावर बघायची तसं. मग मास्तरांकडे वळली.

"वाजवा," मास्तर म्हणाले. "एकदा. मला ऐकू दे."

"मी वाजवत नाही, मास्तर. मी तपासते."

"मग तपासा. मंगळवारी तपासलंत तसं. आणि जमत असेल तर उद्यापासून या खुर्चीत बसून रोज तपासा."

टिल्लूने गिटार गळ्यातून काढून तिच्यासमोर धरली. हात लांब केलेला होता, पण मान खाली नव्हती.

"थांबा, आधी वायर नीट बसलीय का बघू दे," ताई म्हणाली. ती खोक्यामागे गुडघ्यावर बसली, सगळ्यांकडे पाठ करून. तिला तिथे मिनिटभर लागलं. उठताना तिने पेचकस एप्रनच्या खिशात टाकला, टिल्लूच्या खुर्चीवर बसली आणि गिटार मांडीवर घेतली.

तिने वाजवायला सुरुवात केली.

कर्ण्यातून काहीच आलं नाही. तिची बोटं मंगळवारसारखीच चालत होती, हलकी, न अडखळता, पण खोक्यावरचा एकही दिवा पेटत नव्हता. नायिकेने खाली वाकून बघितलं. मास्तर रांगेत अर्धे उठले. ताई थांबली नाही. दीड मिनिटं तिने तो तुकडा पूर्ण वाजवला, एकही सूर न गाळता. तिसऱ्या रांगेत नुसती शांतता पोचत होती. जवळ उभ्या असलेल्या टिल्लूला मात्र तारांचा खरा आवाज ऐकू येत होता, पातळ, पत्र्यासारखा, नखाएवढा. मधे जिथे श्वास घ्यायचा तिथे तो तिच्याबरोबर थांबत होता.

"बघा," ती शेवटी म्हणाली. "माझा हात हिला ऐकूच येत नाही. ही त्याच्या हाताची झालीय."

"मग तुमच्या हाताची करून घ्या की. एक दिवस देतो."

"कशाला? माझ्या हाताचं अख्खं वर्कशॉप आहे खाली. आणि श्वासाचं म्हणाल," तिने गिटार टिल्लूच्या हातात दिली, "तर तो आत्ताच शिकलाय. विचारा त्याला."

मास्तरांनी टिल्लूकडे पाहिलं.

"वाजव."

टिल्लूने वाजवलं. मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग वहीत काहीतरी खोडलं आणि म्हणाले, "उद्या सहाला सगळ्यांनी नाटकाचे कपडे घालून हजर." त्यांच्या भाषेत याचा अर्थ टेप रद्द, असा होता.

शुक्रवारी पहिल्या प्रयोगाआधी टिल्लू लवकर आला. काल शेवटी वाजवताना त्याला एक गोष्ट जाणवली होती. अगदी हळू सुरांना बुधवारपेक्षा किंचित जास्त जोर द्यावा लागत होता. त्याने खोकं फिरवलं. पेन्सिलीच्या सहा रेघा जागच्या जागी होत्या. स्क्रूंच्या खाचा मात्र त्यांच्याही मागे गेल्या होत्या, सहाच्या सहा, बरोबर पाव-पाव फेरी.

त्याच्या खिशात छोटा पेचकस होता. त्याने तो पहिल्या स्क्रूच्या खाचेत ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. खालून, तक्तपोशीच्या पलीकडून, ताई कुणाला तरी सांगत असलेली ऐकू येत होती: "अहो, आत या ना. बसा इथे. आधी तुम्ही वाजवून दाखवा." मग त्याने पेचकस काढून खिशात टाकला आणि खोकं होतं तसं वळवून ठेवलं.

नाटक दोन वर्षं चाललं. नायिका पुढे दुसऱ्या शहरात गेली आणि मोठी झाली. तिसऱ्या अंकाबद्दल बोलताना ती अजून सांगते, की तिथे बासरी नव्हती, कुणीतरी शेजारी उभं होतं. मास्तरांनी त्यानंतरच्या नाटकात टेप वापरली. यंत्राला सर्दी होत नाही, असं ते म्हणायचे. त्याच्या नंतरच्या नाटकात त्यांनी पुन्हा माणसं बसवली, आणि त्याचं कारण कधी सांगितलं नाही. ते खोकं चार वर्षांत जुनं झालं, त्याचे भाग मिळेनासे झाले. नाट्यगृहाच्या एखाद्या कपाटात ते आजही असेल, स्क्रू जसे होते तसेच.

टिल्लू त्या खुर्चीत आणखी सोळा वर्षं बसला. उतारवयात त्याचा हात हलका होत गेला, आणि लोक म्हणू लागले की हा आता कुठे वाजवायला लागलाय. त्या गुरुवारबद्दल दोघं भावंडं एकमेकांशी कधी बोलली नाहीत.

ताईने साठाव्या वर्षी वर्कशॉपच्या किल्ल्या दिल्या. शेवटची बारा वर्षं तिथे वादकांसाठी एक खुर्ची होती, आणि जिन्याची तिसरी पायरी मोकळी असायची. घरी आल्यावर पहिल्या महिन्यातच टिल्लू गिटारची पिशवी घेऊन दारात उभा राहिला.

"ताई, जरा बघतेस का? काहीतरी कुरकुरतंय."

तिने गिटार मांडीवर घेतली, दोन तारा छेडल्या, आणि त्याच्याकडे पाहिलं. गिटार ठणठणीत होती. टिल्लू खिडकीबाहेर बघत होता.

"हो का?" ती म्हणाली. "ठेवून जा. वेळ लागेल."

"मी थांबतो. मला घाई नाही."

तो बाल्कनीत जाऊन बसला आणि दार अर्धंच लोटलं. त्यानंतर दर महिन्याला तो कुठली ना कुठली गिटार घेऊन येत राहिला. एकीतही काही बिघडलेलं नसे, आणि ते शोधायला ताईला दर वेळी अख्खी दुपार लागे.